काळी एकचा गंधार: गाडीतल्या स्टिरिओच्या जुळवणीच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार. राजेंद्र नगर, इंदूर

कामाची हद्द आधी आखून घेतली. नवं यंत्र काहीही आणायचं नाही. गाडीत जे सामान आहे त्यातूनच, नुसती सेटिंग्ज बदलून, ख्याल नीट ऐकू आला पाहिजे.

गाडी म्हणजे जुनी हॅचबॅक, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. मागच्या मालकाने बसवलेला टचस्क्रीनचा स्टिरिओ. पुढच्या दोन्ही दारांत साडेसहा इंची वूफर (मधल्या-खालच्या स्वरांचे स्पीकर), आरशाच्या कोपऱ्यात ट्वीटर (वरच्या स्वरांचे), दोघांमध्ये स्वर वाटून देणारा छोटा पॅसिव्ह क्रॉसओव्हर. डाव्या सीटखाली अगदी खालच्या स्वरांसाठी आठ इंची सबवूफर, त्याचा अँप्लिफायर त्याच्याच डब्यात. मागच्या दारांत गाडीसोबत आलेले स्पीकर. स्टिरिओत १३ पट्ट्यांचा इक्वलायझर (स्वरांचा एकेक पट्टा कमी-जास्त करणारा), हाय पास आणि लो पास फिल्टर (ठरावीक रेषेच्या वरचे किंवा खालचेच स्वर जाऊ देणारे), टाइम अलाइनमेंट (एकेका स्पीकरचा आवाज उशिरा सोडण्याची सोय) असं सगळं आहे. तरीही सगळे आकडे पहिल्या दिवसासारखे कोरे, फक्त ‘सुपर बास’ आणि ‘लाउडनेस’ चालू.

नोकरी देवासला, म्हणजे रोजचे दोन-अडीच तास याच खोलीत जातात. हिला खोलीच म्हणायचं, कारण घरात गाणं ऐकायला इतका सलग वेळ मला कधीच मिळत नाही.

जुळवणी कशावर करायची हेही आज ठरलं. चाचणीसाठी लोक चालू गाणी लावतात, त्यांत ठोका चांगला वाजला की काम झालं असं वाटतं. मी बाबांचा मिरजेचा तानपुरा घेतला. हॉलमध्ये पंखा बंद करून दहा मिनिटं छेडला, एकाच माइकवर मोनो रेकॉर्ड केला आणि वेव्ह फाइल पेनड्राइव्हवर टाकली. बाबा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, गातात. म्हणजे जोडीच्या तारा सेकंदाला १३८.६ कंपनांवर, म्हणजेच १३८.६ हर्ट्‌झवर, पंचम १०३.८ वर आणि खर्ज, म्हणजे खालचा सा, ६९.३ वर. खर्जाची ती एक तार घेतली तरी पुरे: तिचा मूळ स्वर सबवूफरच्या हद्दीत, मधले स्वरांश (मूळ स्वराबरोबर तारेतून उमटणारे वरचे स्वर) दारातल्या वूफरकडे आणि जवारीची, म्हणजे घोडीवर घासणाऱ्या तारेच्या झंकाराची, चमक ट्वीटरकडे. तीन ठिकाणांहून निघालेला आवाज कानात एकच तार म्हणून पोचला पाहिजे. यापेक्षा कडक परीक्षा मला तरी माहीत नाही.

बाबांना शेजारी बसवून फाइल लावली. थोडा वेळ ऐकून म्हणाले, “अगं, घूं-घूं येतंय. गंधार कुठे आहे?”

हेच कामाचं उद्दिष्ट. तानपुरा नीट लागला की खर्जातून गंधार आपोआप उमटतो, कुणी न छेडता. म्हणून तो स्वयंभू गंधार. खर्जाच्या मूळ कंपनाच्या पाचपट म्हणजे ६९.३ गुणिले ५, ३४६.५ हर्ट्‌झ. हा स्वर गाडीत, चालकाच्या सीटवर, ऐकू आला पाहिजे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सगळं शून्यावर आणलं. बास, ट्रेबल, ‘सुपर बास’, ‘लाउडनेस’, ‘थ्रीडी’ वगैरे जे जे होतं ते बंद. मागचे स्पीकरही फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांमधला तोल) पूर्ण पुढे घेऊन बंद केले. गाणारा समोर बसलेला हवा, पाठीमागे नव्हे.

‘लाउडनेस’ मुळात वाईट नाही. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज हळू असला की कानाला खालचे स्वर फारच कमी ऐकू येतात. ती तूट भरून काढायला हे बटण. पण आवाज मोठा असताना तेच बटण दाबलेलं राहिलं तर खाली गाळ साचतो आणि शब्द बुडतात. रात्री घरच्यांना झोप लागल्यावर गल्लीत हळू आवाजात ऐकायचं असेल तर ते लावावं, एरवी नाही.

कार डेकोरवाल्याकडे फोमची चिकटपट्टी आणायला गेले तर त्याचा प्रेमाचा सल्ला: “अरे दीदी, बास तो पूरा खोल दो, गाडी हिलनी चाहिए!” त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना तेच हवं असतं, त्यामुळे त्याचं चूक नाही. मला वेगळं हवं आहे.

ब्लूटूथ आणि पेनड्राइव्ह यांची तुलना केली. ब्लूटूथवर सर्वसाधारण एसबीसी पद्धतीने आवाज जातो तेव्हा जास्तीत जास्त साधारण ३२८ किलोबिट प्रति सेकंद. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल १४११. जवारीच्या वरच्या टोकाला थोडा फरक जाणवतो, पण तो गौण आहे. जुळवणीपुरता पेनड्राइव्ह, रोजच्याला फोन चालेल. फोनचा आवाज मात्र पूर्ण ठेवायचा आणि कमी-जास्त स्टिरिओवरच करायचं, नाहीतर दुबळा सिग्नल पुढे वाढवताना खरखरही वाढते.

शून्यावर आणल्यावर गाडी एकदम पोकळ वाटली. दोन दिवस तशीच ऐकायची ठरवलं. कानाला फुगवलेल्या आवाजाची सवय असते, ती उतरायला वेळ द्यावा लागतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

आजचा सगळा दिवस खडखडाट शोधण्यात गेला आणि तो सत्कारणी लागला.

फोनमधल्या सिग्नल जनरेटरवरून ३० ते २०० हर्ट्‌झपर्यंत एकच सूर सावकाश वर नेत गेले. एका-एका ठिकाणी गाडीचा एकेक भाग बोलायला लागतो. ५५ च्या आसपास मागची नंबर प्लेट. ७२ ला डिकीतला जॅक. ११० ला डाव्या दाराच्या आतली कुलपाची सळी, आणि ही सगळ्यात घातक, कारण १०४ हर्ट्‌झच्या पंचमाला ती निम्मी-अर्धी जागी होत होती. म्हणजे पंचमाच्या तारेबरोबर प्रत्येक वेळी एक पत्र्याची कुरकुर. १४० ला चष्मा ठेवायचा कप्पा. १७५ ला उजव्या दाराचं पॅड, एक क्लिप तुटलेली.

दाराचं पॅड काढणं सोपं आहे, घाई मात्र नको. हँडलमागचे दोन स्क्रू, मग खालच्या कडेने प्लास्टिकची पट्टी घालून क्लिपा एकेक सोडवायच्या. कुलपाच्या सळीला फोम गुंडाळला, वायरींचे गठ्ठे दाराच्या पत्र्यापासून दूर बांधले, स्पीकरच्या कड्याभोवती फोमची रिंग लावली, म्हणजे पुढचा आवाज दाराच्या पोकळीत न जाता आत येतो. नंबर प्लेटमागे फेल्टचे तुकडे.

दारांना ब्युटाइलचे (कंप शोषणाऱ्या रबराचे) डॅम्पिंग शीट लावले तर आणखी फरक पडेल. तो खर्च या प्रकल्पात नाही, पण ज्याला एकच गोष्ट विकत घ्यायची असेल त्याने नवा स्पीकर घेण्याआधी हे शीट घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. लावताना दाराच्या तळाची भोकं बुजवायची नाहीत. पावसाचं पाणी काचेवरून दारात उतरतं आणि त्याच भोकांतून बाहेर जातं. ती बंद झाली की दार आतून गंजतं.

संध्याकाळी तानपुरा पुन्हा लावला. सेटिंग एकही बदललेलं नसताना आवाज स्वच्छ झाला होता.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आवाज कुठवर न फाटता जातो ते मोजलं.

स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॉट गुणिले ४’ लिहिलेलं असतं. हिशोब सरळ आहे: इंजिन चालू असताना गाडीत फार तर १४.४ व्होल्ट मिळतात. तेवढ्यातून तयार होणाऱ्या शुद्ध साइन लहरीचा परिणामी दाब १०.२ व्होल्ट, आणि ४ ओहमच्या स्पीकरवर त्याचे २६ वॉट. तेही काहीच गळती नाही असं मानून. प्रत्यक्षात २० च्या आसपास. उरलेले वॉट फाटक्या आवाजाचे.

१००० हर्ट्‌झचा पूर्ण पातळीचा सूर लावला आणि फोनवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये ३००० हर्ट्‌झवर डोळा ठेवला. लहरीचं डोकं कापलं जायला लागलं की तिप्पट कंपनांवर एक खांब उभा राहतो. कानाला कळायच्या आधी तो तिथे दिसतो. आवाजाच्या ४० पायऱ्यांपैकी २९ पर्यंत साफ, ३१ ला खांब ठळक. २९ ही लक्ष्मणरेषा. हा सूर एकेका सेकंदापुरताच लावायचा, कानात बोळे घालून. जास्त वेळ ठेवला तर ट्वीटरची तार जळू शकते.

आणखी एक. इक्वलायझरवर एखादी पट्टी ६ डेसिबलने चढवली की त्या भागात अँप्लिफायरला चौपट ताकद लावावी लागते. म्हणजे २९ ची रेषा त्या पट्टीपुरती बरीच खाली येते. ‘बास’ वाढवून ठेवलेल्या गाड्यांत आवाज लवकर फाटतो तो यामुळे. पट्ट्या चढवायच्या नाहीत, उतरवायच्या, हा नियम इथेच ठरला.

२४ नोव्हेंबर, रविवार

क्रॉसओव्हर. दारातल्या वूफरना ८० हर्ट्‌झचा हाय पास, सबवूफरला ८० चा लो पास, दोन्हीकडे सप्तकाला २४ डेसिबलचा उतार. हा लिंकविट्झ आणि राइली यांच्या नावाने ओळखला जाणारा फिल्टर असेल, तर सांध्यावर दोन्ही बाजू ६-६ डेसिबल खाली येतात आणि एकमेकांत मिळून पुन्हा सपाट होतात. सबवूफरच्या डब्यावर स्वतःचं एक फिल्टरचं बटण आहे, ते शेवटपर्यंत उघडं ठेवलं. एकावर एक दोन फिल्टर लावले की सांधा बिघडतो.

दारांवरचा खालचा भार गेल्याबरोबर वूफर मोकळे झाले. साडेसहा इंची वूफरला खर्ज पेलायला लावलं की तोच पडदा मधले स्वरही थरथरवतो.

मग सबवूफर आणि दारं यांची सांगड. यासाठी उलटी रीत उत्तम आहे. सबवूफरची ध्रुवता (अधिक-उणे टोकं) मुद्दाम उलटी केली, ८० हर्ट्‌झचा सूर लावला आणि टाइम अलाइनमेंटमध्ये त्याचं अंतर थोडं-थोडं बदलत आवाज सगळ्यात जास्त कुठे पडतो ते शोधलं. खड्डा शोधणं कानाला सोपं जातं. शिखर नेमकं कुठे आहे ते कळत नाही. जिथे सूर जवळजवळ गडप झाला तिथे थांबले आणि ध्रुवता पुन्हा सुलटी केली. जिथे सर्वांत जास्त कापलं जात होतं तिथेच आता सर्वांत चांगलं मिळतं.

टेपने मोजलं तर सबवूफर माझ्या कानापासून ९५ सेंमी. पण खड्डा मिळाला तो १७० च्या आकड्यावर. डब्यातली फिल्टरं आणि अँप्लिफायर सिग्नलला थोडा उशीर करतात, म्हणून तो असतो त्याहून लांब आहे असं यंत्राला सांगावं लागतं. सबवूफरच्या बाबतीत टेपवर विसंबू नये.

त्याची पातळी तानपुऱ्यावरच लावली. खर्ज सीटखालून येतोय असं कळलं की तो जास्त आहे. तो समोरून, बाकीच्या तारांबरोबर, एकाच भोपळ्यातून आल्यासारखा वाटेपर्यंत कमी करत गेले. बऱ्यापैकी खाली आला. गाडी स्वतःही मदत करते: डॅशबोर्ड ते डिकी अंतर साधारण अडीच मीटर, ज्या लहरीची अर्धी लांबी याहून मोठी, म्हणजे ६९ हर्ट्‌झच्या खालचे स्वर, त्यांना बंद गाडीत आपोआप उठाव मिळतो. खर्जाची तार बरोबर त्या उंबरठ्यावर आहे.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज गंधाराचा छडा लागला.

खर्ज भरदार, पंचम स्वच्छ, जवारी चमकदार. गंधार मात्र पातळ. तो एका सप्तकाने वरचा, ६९३ हर्ट्‌झचा, ऐकू येत होता; त्याखालचा ३४६ चा नव्हता. गंमत अशी की मान दोन्ही सीटच्या मधोमध, गिअरच्या वर नेली की तो लख्ख येत होता. परत आपल्या जागी बसलं की नाहीसा.

टेप काढली. माझ्या डोक्यापासून उजव्या दारातला वूफर ८७ सेंमी, डाव्या दारातला १३७. फरक ५० सेंमी.

हवेत आवाजाचा वेग सध्याच्या हवामानात सेकंदाला साधारण ३४५ मीटर. म्हणजे ३४६ हर्ट्‌झच्या लहरीची लांबी जवळजवळ १ मीटर. अर्धी लांबी ५० सेंमी! उजवीकडून लहरीचा उंचवटा कानाशी येतो त्याच क्षणी डावीकडून त्याच लहरीचा खळगा येतो आणि दोघं एकमेकांना पुसून टाकतात. फाइल मोनो, दोन्ही दारांतून एकच तानपुरा वाजतोय, त्यामुळे हे पुसणं पुरेपूर होतं. ६९३ ला मात्र हेच ५० सेंमी पूर्ण लांबी ठरतात आणि बेरीज होते. म्हणून वरचा गंधार होता आणि खालचा नव्हता.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण माझ्याकडची जुनी ध्वनिमुद्रणं बहुतेक मोनोच आहेत. म्हणजे आजवर चालकाच्या सीटवर बसून जे जे ऐकलं त्या सगळ्यातून हा एक पट्टा वजा होता. कुठलाही इक्वलायझर तो परत आणू शकला नसता. ३५० ची पट्टी १० डेसिबल चढवली असती तर डावं-उजवं दोन्ही दहापट ताकदीने वाजलं असतं आणि तेवढ्याच जोराने एकमेकांना पुसलं असतं.

उपाय एकच: जवळच्या दाराला उशीर. ५० सेंमी भागिले वेग, १.४५ मिलिसेकंद. स्टिरिओत थेट अंतर भरायची सोय आहे, २.५ सेंमीच्या टप्प्याने. उजवं ८७.५, डावं १३७.५ भरलं.

गंधार आला.

तो नुसता ऐकू आला नाही, समोर आला. याआधी सगळा आवाज उजव्या गुडघ्यापाशी गोळा होत होता. दोन ठिकाणांहून तोच आवाज आला की कान आधी पोचलेल्या बाजूला त्याचं घर मानतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये याचा बारकाईने अभ्यास केला. आता दोन्ही बाजू एकाच वेळी पोचतात आणि तानपुरा डॅशबोर्डच्या मधोमध, काचेच्या खालच्या कडेवर उभा राहिला.

१ डिसेंबर, रविवार

डाव्या-उजव्याची पातळी. नुसत्या अंतराच्या हिशोबाने जवळचा स्पीकर ४ डेसिबल मोठा ऐकू यायला हवा. पण बंद गाडीत काचांवरून परतणारा आवाज मिसळतो, त्यामुळे फरक कमी भरतो. उजवीकडे २ डेसिबल कमी केल्यावर मधला गायक मध्यावर आला.

बाबांना चालकाच्या सीटवर बसवलं. किल्ली नाही, नुसता तानपुरा. डोळे मिटून बसले आणि तारा लागताना करतात तसं बोटाने मांडीवर ‘प सा सा सा’ धरलं. मग म्हणाले, “जवारी जरा बोचते, पण हा आपलाच तानपुरा आहे.”

८ डिसेंबर, रविवार

बोचणारी जवारी. ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून मोजणीचा यूएसबी माइक आणला, लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर. पिंक नॉइज लावला, ज्यात प्रत्येक सप्तकात सारखीच ऊर्जा असते, आणि माइक डोक्याच्या जागेभोवती सावकाश फिरवत मिनिटभराची सरासरी घेतली. एका जागी माइक ठेवून घेतलेला आलेख गाडीत फसवा असतो, चार बोटं सरकला की वरचं चित्र बदलतं.

आलेखात तीन उंचवटे आणि एक खड्डा. १६० ला ५ डेसिबलचा फुगवटा, यातूनच पुरुषांचा आवाज पिंपात गायल्यासारखा येत होता. ८०० ला लहानसा. आणि ३१५० च्या आसपास ६ डेसिबल. पुढची काच आणि डॅशबोर्ड यांच्या कोनातून ट्वीटरचा आवाज परततो तो बहुधा इथे साठतो, आणि मानवी कानही नेमका याच टापूत सर्वांत तीक्ष्ण असतो. बाबांना बोचत होतं ते हेच.

१६० ची पट्टी ४ ने उतरवली, ८०० ची २ ने, ३१५० ची ४ ने. ५००० ची १ ने. बाकीला हात लावला नाही. २२० च्या खड्ड्याला तर मुळीच नाही. तोही कुठल्या तरी परावर्तनाने पुसला जातोय, तो भरायला जाणं म्हणजे फुकट ताकद घालवणं.

जवारी उतरवताना मन घट्ट करावं लागतं, कारण बोचरेपणा आणि चमक शेजारी-शेजारी राहतात. तानपुऱ्याच्या रुंद, किंचित वक्र घोडीवर तार घासत कंप पावते म्हणून वरचे स्वरांश इतके भरभरून येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं होतं: जिथे तार छेडली तिथल्या हिशोबाने जे स्वरांश उमटायलाच नकोत तेही अशा घोडीवर उमटतात. ३१५० आणखी २ ने उतरवून पाहिलं तर बोचणं पूर्ण गेलं, पण तार रेशमाची झाली. परत ४ वर.

एकूण आलेख खालून वर हळूहळू उतरता ठेवला. कागदावर सपाट रेघ आणली की गाडीत ती किरकिरी ऐकू येते.

१० डिसेंबर, मंगळवार

देवासच्या रस्त्यावर पहिली खरी ऐकणी. अमीर खांसाहेबांचा विलंबित, म्हणजे संथ लयीचा, ख्याल. खांसाहेब आमच्या इंदूरचे, १९७४ मध्ये गेले. त्यांची मंद्रातली (खालच्या सप्तकातली) बढत ही क्रॉसओव्हरची परीक्षा आहे. मंद्र पंचमाच्या खाली उतरताना आवाज दारातून सीटखाली घसरला तर सांधा कच्चा. घसरला नाही. झुमरा तालातला डग्गा आवाजाच्या मागे राहिला, अंगावर आला नाही. परतताना कुमारजी (कुमार गंधर्व) लावले, जे १९४८ पासून देवासलाच राहिले. तार सप्तकात एकदम झेप घेतात तिथे ३१५० ची पट्टी कामाला आली. आधी मी अशा जागी आवाज कमी करायला हात पुढे नेत असे.

एक गोष्ट रस्त्यावरच कळली. चार सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला नव्हे, क्रँकच्या (इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला २०८० फेरे म्हणजे सेकंदाला ६९.३ स्फोट. काळी एकचा खर्ज! माझ्या गाडीत पाचव्या गिअरमध्ये सत्तरच्या आसपास हे जमतं. २१०० फेऱ्यांवर इंजिन आणि तार यांत डोल ऐकू येतो, जोडीच्या तारा लावताना येतो तसाच, दीडेक सेकंदाला एक. वेग थोडा बदलला की डोल मोडतो. यावर सेटिंगमध्ये उपाय नाही आणि हवाही नाही, पण सत्तरला खर्ज का दबतो हे आता ठाऊक आहे.

महामार्गावर टायरची घरघर खालचे स्वर खाते. त्यासाठी वेगळा प्रीसेट (साठवून ठेवलेला सेटिंग्जचा संच): सबवूफर ३ डेसिबल वर, बाकी तसंच. ट्रेबल वाढवायचा मोह टाळला. आवाज इतकाच, की मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा काच बंद असतानाही ऐकू यावा.

१५ डिसेंबर, रविवार

बाबांना घेऊन देवासला नातेवाइकांकडे. बाबा डावीकडे बसले आणि बायपासला लागेपर्यंत गप्प. मग, “माझ्याकडे समोर नाहीये गं तानपुरा.”

बरोबरच आहे. माझ्या सीटसाठी उजव्या दाराला दिलेला उशीर त्यांच्या सीटवर अंतराचा फरक दुप्पट करतो. एका वेळी एकच सीट जुळते. दोन्ही सीटना पुरेल असा मधला आकडा असतो म्हणतात. मी ऐकून पाहिला, त्यात दोघांनाही अर्धवट मिळतं.

त्यांच्यासाठी आरशातली प्रतिमा भरली: डावं ८७.५, उजवं १३७.५, डावीकडे २ डेसिबल कमी. सबवूफर त्यांच्याच सीटखाली असल्याने उलट्या ध्रुवतेची रीत तिथे बसून पुन्हा केली, आकडा १४५ आला. बाबा बरोबर असतील तेव्हा हाच प्रीसेट. गाडी चालवताना माझे डोळे-कान निम्मे रस्त्यावरच असतात. ते पूर्ण ऐकतात, तर जुळलेली सीट त्यांनाच मिळाली पाहिजे.

परतीच्या वाटेवर ते तानपुऱ्याच्या फाइलवर खर्ज भरत आले, क्षिप्रा ओलांडेपर्यंत.

२२ डिसेंबर, रविवार

कायम केलेली सेटिंग्ज, स्टिरिओ कधी बॅटरी काढल्यावर कोरा झाला तर पुन्हा भरण्यासाठी:

प्रीसेट १, मी एकटी: उजवं ८७.५, डावं १३७.५, सबवूफर १७०. उजवीकडे उणे २. प्रीसेट २, महामार्ग: तेच, सबवूफर अधिक ३. प्रीसेट ३, बाबा शेजारी: डावं ८७.५, उजवं १३७.५, सबवूफर १४५. डावीकडे उणे २. आई-बाबा दोघंही मागे बसले तर टाइम अलाइनमेंट बंद आणि फेडर मध्यावर. तेव्हा गप्पाच जास्त असतात.

तिन्हींत सारखं: क्रॉसओव्हर ८०, उतार २४. १६० उणे ४, ८०० उणे २, ३१५० उणे ४, ५००० उणे १. आवाज २९ च्या वर नाही.

ही मोजणी थंडीतली आहे. इंदुरात पहाटे १० अंशांना आवाजाचा वेग ३३७ मीटर, मेच्या दुपारी ४२ अंशांना ३५७. पाऊण-एक टप्प्याचाच फरक पडेल, तो सोडून देता येईल. पण उन्हात तापलेल्या दारात वूफरच्या कडेचं रबर नरम पडतं आणि खालचा प्रतिसाद सरकतो. म्हणून १६० ची पट्टी मे महिन्यात, दुपारी, पुन्हा मोजायची. माइक तेव्हा परत मागून आणायचा.